बोथच्या माळावर मिळालेली शाल

बोथला जायचं ठरलं ते फोनवर, आणि ठरवलं पुष्पाताईनं. मी नुसतं "बरं" म्हटलं. मी बहुतेक गोष्टींना आधी "बरं" म्हणते आणि मग दोन दिवस काळजी करत बसते.

पुष्पाताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या बोथला तिचं आणि भाऊजींचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, शिवाय गावाबाहेर वांग्या-टमाट्याचा मळा. भाजीची पिकअप गाडी आदिलाबादच्या बाजारात नेता नेता तिला वेगाची गोडी लागली. मग तिनं एक जुनी लाल हॅचबॅक घेतली आणि ती दरवर्षी हिवाळ्यात बोथजवळच्या माळावर होणाऱ्या हौशी शर्यतीत उतरू लागली. या प्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात. मुरमाच्या मोकळ्या जागेवर शंकू आणि जुने टायर मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळ लावतात. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरतात. शंकूला धक्का लागला की वेळेत दंड वाढतो.

मीही हौशीच. आठवडाभर हैदराबादला औषधांच्या पाकिटांवरचा मजकूर तपासते, आणि वर्षातून दोन-तीनदा बाबांची गाडी घेऊन डांबरी मैदानावरच्या छोट्या स्पर्धांत भाग घेते. यंदा बोथला बाबांच्या गाडीला प्रवेश नव्हता, नियमापेक्षा जुनी झाली होती. तेव्हा ताई म्हणाली, "माह्या गाडीत बस ना. आधी तू जाय, मंग मी जातो. एका गाडीत दोघी चालते तिथं."

ताईसाठी ही नुसती हौस नव्हती. बायकांच्या गटातल्या पहिल्या दोघींना हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेत जायला मिळणार होतं. गेल्या वर्षी ती तिसरी आली होती. वर्षभर दुकान बंद झाल्यावर ती मळ्याच्या वाटेवर गाडी वळवायचा सराव करत होती. आणि तीच गाडी तिनं आधी माझ्या हातात दिली.

शनिवार: हैदराबाद ते बोथ

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली बस धरा. नागपूरकडे जाणारा हा महामार्ग रुंद आणि चांगला आहे, पण दिवस चढला की ट्रक वाढतात. अंतर साधारण पावणेतीनशे किलोमीटर. कामारेड्डीला बस थांबते तिथे उपमा-पेसरट्टू, म्हणजे उपमा भरलेला मुगाचा डोसा, गरम मिळतो. चटणी तिखट असते, आधी थोडीच घ्या. पुढे सोनच्या पुलावरून गोदावरी दिसते. या दिवसांत पाणी कमी, वाळू जास्त. बसमधल्या अर्ध्या बायांनी खिडकीतून नाणी टाकली. एक नाणं खिडकीच्या गजाला लागून परत आत आलं, तर ते माझ्या शेजारच्या आजींनी माझ्या हातात दिलं, "तू टाक, तुझा हात लांब आहे," म्हणून. मी टाकलं. पण नवस त्यांचा होता आणि नाणं माझ्या हातून गेलं, ते चालेल का, हा विचार मी निर्मलपर्यंत करत होते.

निर्मल सोडलं की घाट लागतो. सागाची पानं गळायला लागलेली, मधूनच माकडांच्या टोळ्या. बस घाटात वळली की मी पाय आपोआप ब्रेक दाबल्यासारखा पुढे नेत होते. नेरडिगोंड्याला उतरले आणि शेअर ऑटोनं बोथ. ऑटोवाला मराठी बोलतोय हे कळल्यावर बरं वाटलं. "कोनाकडे जाऊन राह्यल्या? बियावाल्या पुष्पाबाईकडं? त्या लाल गाडीवाल्या?" म्हणजे गाडीची ख्याती मोटारस्टँडपर्यंत होती.

ताईनं जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची म्हणजे सोल्यांची आमटी आणि ठेचा केला होता. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे गेलात तर सोले मागून खा. हॉटेलात ते मिळत नाहीत, घरी ओळख काढावी लागते.

संध्याकाळी तिनं गाडी मळ्याच्या वाटेवर आणली. धुऊन पुसून चकचकीत केलेली, समोर देवीचा छोटा फोटो, त्याला झेंडूचं फूल. मी दार उघडलं, बूट काढून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवले आणि अनवाणी आत बसले.

हे इथे सांगितलंच पाहिजे. आमच्या घरी गाडीत चप्पल-बूट घालून कुणी गाडी चालवत नाही. बाबांनी पहिली गाडी घेतली तेव्हापासूनची ही रीत. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्या अंगावर पायताण ठेवायचं नाही. माझं सगळं आधी घरातच शिकून झालं. बासरच्या सरस्वतीसमोर पाटीवर पहिलं अक्षर काढून आणलं, आणि तेलुगू शाळेत घालायच्या आधी आत्यानं मला वाचायला-लिहायला घरीच शिकवलं. तसंच गाडी चालवणंही बाबांनी शिकवलं, अंगणातून गल्लीत, गल्लीतून रस्त्यावर. "अनवाणी पायाला क्लच बोलतो," ते म्हणायचे. ते खरंही आहे. माझ्या पायाला तळव्यानं दाबायचीच सवय. डांबरी मैदानावरच्या स्पर्धांत कुणी माझ्या पायांकडे कधी पाहिलं नव्हतं.

इथे मात्र नियम कडक होता: बंद बूट सक्तीचे.

ताई खिडकीत वाकली. "अवं, बूट घालून पाह्य ना. उद्या तर बूटच लागन."

"उद्या घालीन ताई."

"पेडल जवळजवळ हायेत या गाडीचे. तुह्या गाडीवानी नाईत."

"हो, कळलं."

मला कळलं नव्हतं. मला फक्त धुतलेल्या, फूल वाहिलेल्या गाडीत मुरमानं माखलेले बूट घालून बसायची लाज वाटत होती. तिनं दोन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही सांगितलं. मी अनवाणीच दोन चकरा मारल्या. गाडी छान पळाली. पेडल हलके होते, बाबांच्या गाडीपेक्षा कितीतरी हलके. ताई खूश झाली. "हात चांगला हाय तुहा," म्हणाली. त्या कौतुकानं बुटाचा विषय डोक्यातून पूर्णच गेला.

रविवार: माळ

माळ बोथपासून थोडा आत आहे. फाट्यावर फलक असतो, पण धुळीनं भरतो, तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे चला. पाहायला पैसे पडत नाहीत. टोपी, पाणी आणि रुमाल न्या. मिरची-भज्यांची एक गाडी आणि उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ येतं, बस्स.

आई-बाबा आदिलाबादहून सकाळीच आले होते. आईनं डब्यात तिळाच्या पोळ्या आणल्या होत्या. भाऊजींनी नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. शेजारच्या गाडीजवळची मुलं हसली. एक म्हणाला, "अंकल, टायर को भी टीका?" तर भाऊजी म्हणाले, "पळणार तेच ना बाबू. टीका त्यालाच पायजे."

तपासणीवाले सर आले. त्यांनी हेल्मेट पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, माझ्या पायांकडे पाहून मान हलवली. "बूट ठीक है अम्मा." बूट माझे धावायचे होते, नवे, जाड आणि रुंद तळाचे. मी ते बाहेर उभी राहून फडक्यानं पुसले आणि मग आत बसले.

बसल्यावर पाय काहीच बोलेना. पेडल कुठे संपतंय, पाय कुठे संपतोय, समजत नव्हतं. मी खाली पाहिलं, तर बूट ब्रेक आणि रेस या दोन्हींच्या मधल्या फटीवर पसरला होता. (रेस म्हणजे ॲक्सिलरेटर, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.) त्याच क्षणी मी उतरायला हवं होतं. ताईचे पातळ बूट मागता आले असते. पण रांग लागलेली, झेंडेवाला हात वर करून उभा, आई मोबाइल धरून उभी. मला वाटलं, आता उतरले तर सगळे काय म्हणतील. झेंडा पडला.

पहिलं वळण कसंबसं गेलं. दुसऱ्याला मी उशिरा वळले आणि एक शंकू घासला. मग लांब सरळ पट्टा. तिथं गाडी खरंच पळाली, आणि मला क्षणभर वाटलं की जमतंय. पट्टा संपताना मी पाय ब्रेकवर टाकला. गाडी थोडी अडखळली आणि इंजिन जोरात ओरडलं. मी घाबरून अजून जोरात दाबलं, तर ते अजून ओरडलं. समोर टायरची रांग होती. ती उडाली, मग धुरा आला, धुऱ्यावरून गाडी उचलली गेली आणि पलीकडच्या हरभऱ्यात जाऊन बंद पडली.

धूळ बसायच्या आत माणसं जमली. मला काही लागलं नव्हतं. पुढचा बंपर फुटला होता आणि चाकाच्या कमानीचा पत्रा आत गेला होता. ट्रॅक्टर आला, साखळी लागली. बाबा हरभऱ्यातून चालत येत होते, धोतर वर धरून, आणि ती घाई मला पाहवत नव्हती. हरभऱ्याचा मालक, ज्यानं माळही दिला होता, तो म्हणाला, "असू दे माय, पोरगी धड हाय ना." मी त्याच्याकडे पाहू शकले नाही.

तपासणीवाले सर धापा टाकत आले. पन्नाशीचे, तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी काळजीनंच विचारलं, "क्या हुआ अम्मा? रेस अटक गया क्या?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई, बाबा, ती टिळ्याला हसणारी मुलं. प्रश्नातच उत्तर तयार होतं, फक्त घ्यायचं होतं.

"बहुतेक... हो," मी म्हणाले. "हां सर, लगता है."

सरांनी शिट्टी वाजवली आणि गाडीकडे बोट करून सांगितलं, "ये गाड़ी बंद. चेक होने तक कोई नहीं चलाएगा."

एवढंच झालं. माझ्या त्या "बहुतेक हो"चा अर्थ मला त्यानंतर कळला. बायकांच्या गटाची पहिली फेरी सुरूच होती. चार गाड्यांनंतर ताईचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मग पुढचं नाव पुकारलं.

ताई माझ्याजवळ आली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, बुटांकडे पाहिलं.

"रेस अटकली म्हने?"

मी बूट एकमेकांवर आपटून मुरूम झाडला.

"बरं," ती म्हणाली, आणि जाऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसली. हेल्मेट मांडीवर घेऊन. आईनं तिला तिळाची पोळी दिली, ती तिनं हातातच धरून ठेवली.

भाऊजी गाडीजवळ उभे होते. त्यांनी तारेनं बंपर बांधून टाकला होता, पत्रा पहारीनं बाहेर ओढला होता. आता जो येईल त्याला सांगत होते, "केबल मीच साफ केली परवा. माह्याच हातचं काही राहून गेलं असंन. आपन शिकलेले मेकॅनिक थोडेच हाओत. पोरीचा जीव गेला असता ना भाऊ." ते मला दोनदा येऊन म्हणाले, "माफ कर बरं केतकी." एकदा तर हात जोडले.

मी त्यांना तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "नाही हो भाऊजी, असू द्या." म्हणजे मी त्यांना माफच केलं!

आत्या शिकवायची तेव्हा पाटीवरची चूक पुसू द्यायची नाही. चुकीवर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे चूक दिसली पाहिजे. मी त्या माळावर, भज्यांच्या गाडीमागे उभी राहून, हे आठवत होते आणि तरीही पाय उचलत नव्हता. मला कुणी रागावेल याची भीती नव्हती. सगळ्यांसमोर "मला ब्रेक दाबता आला नाही" हे म्हणायची लाज होती. गाडी बिघडली तर ती दुर्दैवाची गोष्ट होते. पाय चुकला म्हटलं की तो माझा पाय होतो.

शेवटी ताईकडे पाहून पाय उचलला. तिनं रडावं तरी, असं वाटत होतं. ती फक्त दुसऱ्या बायांच्या गाड्या वळताना बघत होती आणि प्रत्येक वळणाला तिचा हात हेल्मेटवर थोडासा वळत होता.

मी सरांकडे गेले. "सर, रेस अटका नहीं था. मेरा पैर था. जूता दोनों पर पड़ गया."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अय्यो. दीदी का रन गया इसलिए बोल रहे ना?"

"नहीं सर, सच में."

"अच्छा है अम्मा. ऐसा दिल होना."

"सर, मैं बैठके दिखाती हूँ. जूता देखिए, कितना चौड़ा है."

त्यांनी हात हलवला. "पहले बोले अटका. अब बोले नहीं अटका. तुम्हारी बात पे गाड़ी नहीं छोड़ सकता, समझो. मैं केबल देखूँगा." मग शेजारच्या झेंडेवाल्याला ते तेलुगूत काहीतरी म्हणाले. गाड्यांच्या आवाजात त्यातलं "मंची पिल्ला" एवढंच मला ऐकू आलं. चांगली मुलगी.

मी खरं बोलले होते, आणि ते बहिणीसाठी बोललेलं खोटं समजून माझ्या नावावर चांगुलपणा जमा झाला होता.

सरांनी बॉनेट उघडलं. केबल ओढली, सोडली, पुन्हा ओढली, इंजिन चालू करून पाहिलं, बंद करून पाहिलं. ती दर वेळी चटकन परत जात होती. भाऊजी वाकून बघत होते. "साफ है," सर म्हणाले. "तब धूल से अटका होगा, धक्के में छूट गया. चलाओ. पर फर्स्ट रन गया सो गया. एक ही मिलेगा."

"धूळ नव्हती, पाय होता," मी भाऊजींना म्हणाले.

भाऊजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राहू दे वं. तुह्या ताईसाठी तू बोलली, पुष्कळ झालं."

ताईची फेरी

ज्यांनी ऑटोक्रॉस पाहिलं नसेल त्यांना सांगते: पहिली फेरी ही जमीन ओळखायची असते. मुरूम कुठे सरकतो, कुठल्या वळणाला आधी वळायचं, हे त्यात कळतं. खरी वेळ दुसऱ्या फेरीत निघते. ताईला दोन्ही कामं एकाच फेरीत करायची होती, तारेनं बांधलेल्या बंपरच्या गाडीत.

ती सुटली तशी भज्यांच्या गाडीवरची माणसंसुद्धा उठली. ती कशी चालवते हे मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. गाडी वळत नव्हती, जणू वळण गाडीखाली येत होतं. जिथे मी हरभऱ्यात गेले होते, तिथे तिनं इतक्या उशिरा ब्रेक मारला की आईनं डोळे मिटले, आणि गाडी आडवी सरकून नेमकी वळणाच्या तोंडाशी येऊन पुढे निघाली. बाबा म्हणाले, "काय बाई आहे!" शेवटून दुसऱ्या वळणाला मुरूम आधीपासूनच उकरलेला होता. मागचं चाक सरकलं. एक शंकू पडला.

दंड धरून ती तिसरी आली. शंकू पडला नसता तर दुसरी. पहिली फेरी मिळाली असती तर तिथला उकरलेला मुरूम तिला आधीच दिसला असता. हे मी मनात अनेकदा मांडून पाहिलं. कुठूनही मांडलं तरी उत्तर माझ्यापाशीच येतं.

ती उतरली, हेल्मेट काढलं, भाऊजींना म्हणाली, "गाडी चांगली हाय. तुमची केबल चांगली हाय." ते मला ऐकवायला होतं. भाऊजींना ते कळलं नाही, त्यांना बरं वाटलं.

मग बक्षिसं. पहिलीला आणि दुसरीला चषक. आणि मग माइकवरचा माणूस हिंदी-तेलुगूत सांगू लागला की आज आपण एक मोठं मन पाहिलं, स्वतःचा अपघात झाला असताना बहिणीला फेरी मिळावी म्हणून एका मुलीनं दोष स्वतःवर घेतला. माझं नाव घेतलं. मला कळेपर्यंत कुणीतरी मला पुढे ढकललं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. टिळ्याला हसणारी मुलं सगळ्यांत जोरात वाजवत होती.

मी माइक मागितला. "हे खरं नाही," मी म्हणाले, मराठीत, कारण दुसरं काही सुचलं नाही. "पाय माझाच चुकला." त्यावर अजून टाळ्या पडल्या. मी शाल काढून परत द्यायला गेले, तर संयोजक घाबरले. "नको नको, शाल परत घेत नाहीत, अपशकुन असतो अम्मा."

मी गर्दीत ताईला शोधलं. आई टाळ्या वाजवत होती, डोळे पुसत. बाबा वाजवत होते. भाऊजी वाजवत होते. ताईचे हात मांडीवर होते.

परतीच्या वाटेवर गाडी तीच चालवत होती, मी शेजारी. फाटा मागे पडला. मग मी म्हणाले, "ताई, मी सरांना खरं सांगितलं होतं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी पाह्यलं ना तुहे बूट."

"मग?"

"मंग काय? खरं तू मांगून बोलली. मी तवा ट्रॉलीवर बसून होतो." तिनं गिअर बदलला. "शाल खिडकीतून बाहेर उडून राह्यली, आत घे."

सोमवार: पोचेरा आणि परत

बसला वेळ होता म्हणून सकाळी पोचेराच्या धबधब्यावर गेले. बोथहून ऑटो मिळतो. परतीचा आधीच ठरवून ठेवा, तिथे वाट पाहायला काही नाही. धबधबा उंच नाही, रुंद आहे, आणि हिवाळ्यातही पाणी असतं. खडकावर शेवाळ आहे, पुढे जाऊ नका. फलक आहे पण लोक त्यालाच टेकून फोटो काढतात. मी फोटो काढला नाही. चेहरा चांगला येणार नाही हे माहीत होतं.

ताई सोडायला आली नव्हती, दुकान उघडायचं होतं. भाऊजींनी पिशवीभर वांगी आणि पाव शेर सोले बांधून दिले. हैदराबादला पोचेपर्यंत बसमध्ये त्यांचा हिरवा वास येत होता.

घरी आल्यावर पाहिलं तर नातेवाइकांच्या ग्रुपवर आईनं शालीचा फोटो टाकला होता. खाली "आमची केतकी", हात जोडलेल्या खुणा, फुलं. वांकिडीच्या मामांनी लिहिलं होतं, "संस्कार दिसतात." मी उत्तर लिहिलं की हे चुकीचं आहे, चूक माझी होती, भाऊजींच्या केबलची नव्हती. त्यावर मामांचं उत्तर आलं, "बघा, अजूनही स्वतःवरच घेते!" आईचा फोन आला: "अगं, लोक मोठेपणा म्हणतात तर म्हणू दे ना. तुझं काय जातंय?"

माझं राहू दे. भाऊजींचं मात्र जातंय. आईच म्हणाली की ते आता गाडी बाहेर काढण्याआधी चार-चारदा केबल ओढून पाहतात. म्हणून हे सगळं इथे सविस्तर लिहिलं. तुमच्यापैकी कुणी बोथला गेलं, बियाण्यांच्या दुकानात भाऊजी भेटले, तर त्यांना सांगा की केबल साफ होती. माझं ते ऐकत नाहीत. परक्याचं कदाचित ऐकतील.

माळ पाहण्यासारखा आहे. सोले खाण्यासारखे आहेत. ताई गाडी चालवते ते बघायला तर दुरून यावं.

काल तिला फोन केला. तिनं उचलला. मागे दुकानात कुणीतरी हरभऱ्याचं बी मागत होतं.

"काऊन फोन केला?"

"सहजच ताई. कशी आहेस?"

"बरी हाय." मग, "मी अजून रागातच हाय बरं."

"माहीत आहे."

"माहीत हाय ना? मंग ठेव. गिऱ्हाईक हाय."

तिनं फोन ठेवला. बोथहून आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं. मी उठून भात टाकला.